कापसाची जाती म्हणजे काय ?

आपल्या भाषेत 'जात' हा शब्द फार सैलपणे वापरला जातो. शाळेच्या दाखल्यावरील रकान्यास जात म्हणतात, बियाण्याच्या पिशवीवरील नावासही जात म्हणतात, आणि घोडा व गाढव यांतील भेदासही जातच म्हणतात. जीवशास्त्रास हा सैलपणा चालत नाही. त्याच्या लेखी पिशवीवरील नाव हे 'वाण' होय; 'जाती' ही त्याहून व्यापक गोष्ट आहे. हा भेद केवळ परीक्षेपुरता नाही, हे एका उदाहरणाने दाखविण्याचा आमचा विचार आहे.

गेल्या हंगामात आमच्या वर्गातील एका मुलाने आपल्या वडिलांचा प्रश्न आणला. नाचणगावच्या शिवारात त्यांचे थोडे रान आहे. तेथे त्यांनी देशी कापूस लावला होता व पुढील पेरणीसाठी त्याचीच सरकी राखण्याचा त्यांचा मानस होता. धुऱ्यापलीकडे शेजाऱ्याचा बीटी कापूस उभा होता. त्याचे पराग मधमाश्यांनी इकडे आणले, तर आपले बी बिघडेल काय, ही त्यांची धास्ती.

आम्ही वर्गास धुऱ्यावर नेले आणि दोन्ही झाडे नीट पाहावयास सांगितले. शेजाऱ्याच्या झाडांची पाने रुंद व थोडीच चिरलेली, तर देशीची हाताच्या बोटांप्रमाणे खोल चिरलेली. पातीभोवतालच्या तीन हिरव्या पानांच्या कडा शेजाऱ्याकडे लांब दातेरी, तर देशीस जवळजवळ सरळ. "दोन जाती झाल्या," असे मुलांनी तत्काळ सांगितले. परंतु देशीच्याच तासांत काही झाडांस पिवळी फुले होती व काहींस पांढरी. मग याही दोन जाती मानावयाच्या काय ? येथे मुले घुटमळली.

या ठिकाणी मोठमोठे पंडितही घुटमळले आहेत. लिनीअसने 1753 साली 'गॉसिपियम आर्बोरियम' हे नाव दिले. पुढे पान, फूल व तंतू यांतील फरक पाहून इंडिकम, नेग्लेक्टम, सेर्नूम अशी आणखी जातींची नावे देण्यात आली. पण ही सर्व झाडे एकमेकांच्या परागाने सहज फळतात व त्यांची संततीही फळते. म्हणून आता त्या साऱ्यांचा समावेश आर्बोरियम या एकाच जातीत होतो. एर्न्स्ट मायर यांनी 1942 साली हीच कसोटी स्पष्ट शब्दांत मांडली. जे जीवसमूह निसर्गात आपसांत प्रजनन करू शकतात व इतरांपासून त्या बाबतीत अलग राहतात, त्यांची एक जाती. बाह्य रूप ही केवळ खूण. खरी कसोटी वंश पुढे चालण्याची. या कसोटीने पृथ्वीवरील सर्व माणसे एकाच जातीची ठरतात.

आता धुऱ्याकडे वळू. शेजाऱ्याचा कापूस मूळचा अमेरिकेतील 'गॉसिपियम हिर्सुटम' या जातीचा. त्याच्या पेशीत 52 गुणसूत्रे असतात, देशीच्या पेशीत 26. पराग व बीजांड यांतून प्रत्येकी निम्मी येतात. तेव्हा या दोहोंपासून झाड झालेच, तर त्यात 26 व 13 मिळून 39 गुणसूत्रे येतील. त्यांतील 13 जोडीदाराविना राहतात, आणि असे झाड वांझ निघते. बहुधा तितकेही घडत नाही. बोंड कोवळेपणीच गळते. घोडा व गाढव यांपासून झालेल्या खेचरास संतती होत नाही, तशातलाच हा प्रकार.

निसर्गाच्या या रेषा सर्वत्र सारख्या पक्क्या नसतात, हेही सांगितले पाहिजे. 1972 साली धारवाड येथे तयार झालेले 'वरलक्ष्मी' हे वाण हिर्सुटम व बार्बाडेन्स या दोन जातींच्या संकराचे आहे. दोहोंची गुणसूत्रे 52, म्हणून त्या संकराचे बी उगवते. मात्र पुढील पिढ्यांत दुबळी झाडे पुष्कळ निघतात. म्हणजे जाती ठरविताना एकाच खुणेवर विसंबून चालत नाही.

मुलाच्या वडिलांस आम्ही कळविले की, शेजाऱ्याच्या कापसापासून तुमच्या बियाण्यास भय नाही. भय आहे ते तुमच्याच रानातील सरमिसळीचे. पिवळी व पांढरी ही एकाच जातीची, म्हणून त्यांचे पराग एकमेकांस लागू पडतात. एकच वाण राखावयाचे, तर त्याची झाडे निवडून, उमलण्याच्या आदल्या सायंकाळी कळीचे तोंड दोऱ्याने बांधावे. मग ते फूल आपल्याच परागाने फळते.

दुसऱ्या दिवशी मुलांनी पांढऱ्या फुलांची चाळीस झाडे निवडून दोरे बांधण्यास आरंभ केला. त्या बोंडांची सरकी वडिलांनी निराळ्या गाडग्यात ठेवली आहे. येत्या मृगात ती पेरली जाईल. फुले कोणत्या रंगाची येतात, हे पाहण्यास वर्ग पुन्हा त्याच धुऱ्यावर जाईल.