विक्रीचे व्हॉट्सअ‍ॅप खाते हातचे गेल्यास

नसरापूरहून वेल्ह्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरील मार्गासनी व त्याच्या आसपासची गावे ही भाताची गावे होत. वडगाव मावळ येथील भात संशोधन केंद्राने १९८७ साली प्रसारित केलेल्या इंद्रायणी वाणाच्या तांदळास पुणे शहरात चांगली मागणी आहे. सबब अनेक शेतकरी भात व्यापाऱ्यास न देता, ते भरडून तांदूळ थेट घरोघरी विकतात. ही विक्री बव्हंशी मोबाईलवरील व्हॉट्सअ‍ॅप खात्यातून चालते. राजगड पाहावयास येणाऱ्यांच्या जेवणाची व मुक्कामाची नोंदणीही पुष्कळ ठिकाणी याच मार्गाने होते.

असे खाते परक्याच्या हाती गेले म्हणजे नुकसान दुहेरी होते. ऐन हंगामात मागणी बंद पडते हे एक. दुसरे अधिक गंभीर आहे. चोर शेतकऱ्याच्याच नावाने गिऱ्हाइकांकडून आगाऊ रक्कम मागतो, आणि अनेक हंगाम राखलेला विश्वास एका दुपारीत नाहीसा होतो.

खाते जाते कसे, हे प्रथम समजून घेणे अवश्य आहे. व्हॉट्सअ‍ॅपचे खाते मोबाईल यंत्रावर नव्हे, तर नंबरावर उभे असते. कोणीही आपल्या यंत्रावर शेतकऱ्याचा नंबर घातला, तर शेतकऱ्याच्या सिमवर सहा अंकी ओटीपी येतो. तो अंक ज्याच्या हाती, त्याचे खाते. चोर म्हणून ओळखीच्या माणसाच्या नावाने विनवितो, “चुकून तुमच्याकडे एक अंक आला आहे, तेवढा पाठवा.” ज्या ओळखीच्याच्या नावाने ही मागणी येते, त्याचे खाते बहुधा आधीच चोरीस गेलेले असते. अनुदानाच्या किंवा मोठ्या मागणीच्या नावाने अनोळखी फाईल पाठवून मोबाईलच ताब्यात घेण्याची दुसरीही रीत आहे. हे केवळ भोळ्या माणसासच घडते असे मानू नये. या भागाच्या लोकसभेतील प्रतिनिधी श्रीमती सुप्रिया सुळे यांनी ऑगस्ट २०२४ मध्ये आपला फोन व व्हॉट्सअ‍ॅप दुसऱ्याच्या ताब्यात गेल्याचे स्वतः जाहीर केले होते. ते त्यांनी दुसऱ्या समाजमाध्यमावरून केले, आपणांस फोन वा संदेश करू नये अशी लोकांना विनंती केली, आणि पोलिसांची मदत मागितली.

त्यांचा हा क्रम शेतकऱ्यांनीही ध्यानात ठेवण्याजोगा आहे. खाते गेल्याचे कळताच घरातील दुसऱ्या फोनवरून गिऱ्हाइकांना कळवावे की, या नंबरावरून पैसे मागितल्यास देऊ नयेत. याकरिता गिऱ्हाइकांची यादी वहीत स्वतंत्र लिहिलेली हवी. ती केवळ मोबाईलमध्ये असेल तर नेमक्या वेळी उपयोगी पडत नाही, आणि अशी वही फार थोड्या घरांत आढळते हे खेदाने नमूद करावे लागते.

त्याबरोबरच खाते परत घेण्याचा यत्न करावा. व्हॉट्सअ‍ॅप पुन्हा उघडून आपला नंबर घालावा व एसएमएसने येणारा सहा अंकी ओटीपी भरावा. असे करताच परक्याच्या यंत्रावरील खाते आपोआप बंद होते. चोराने वारंवार अंक मागविले असल्यास काही काळ नवा अंक मिळत नाही व पडद्यावर प्रतीक्षेची वेळ दिसते. अशा वेळी उतावीळपणे पुनःपुन्हा प्रयत्न करू नये, त्याने ती वेळ वाढते. चोराने आपला गुप्त पिन लावून ठेवला असेल तर पिनाविना खाते उघडण्यास ७ दिवस थांबावे लागते. मात्र एसएमएसचा अंक भरताक्षणी तो बाहेर गेलेला असतो, म्हणून या ७ दिवसांत त्यासही त्या खात्यातून लिहिता येत नाही. खाते उघडल्यावर ‘लिंक्ड डिव्हाइसेस’ या ठिकाणी परके यंत्र जोडलेले असल्यास ते काढून टाकावे, आणि ‘टू-स्टेप व्हेरिफिकेशन’मध्ये आपला सहा अंकी पिन लावावा. हा पिन आधीच लावलेला असता तर केवळ ओटीपी मिळून चोराचे काम भागले नसते. तो पिनही अर्थातच कोणास सांगावयाचा नसतो.

मोबाईलच हरवला असेल तर नव्या सिमसाठी कंपनीकडे जावे लागते. सिम बदलल्यानंतर पहिले २४ तास एसएमएस बंद ठेवण्याचा दूरसंचार विभागाचा २०२२ सालचा आदेश आहे. त्यामुळे ओटीपी त्याच दिवशी आला नाही तर घाबरून जाऊ नये. खरी अडचण निराळीच असते. पुष्कळदा विक्रीचा नंबर दिवंगत वडिलांच्या किंवा शहरात गेलेल्या भावाच्या नावावर असतो, आणि कंपनी नवे सिम नोंदलेल्या व्यक्तीसच देते. जमिनीचा सातबारा जितक्या काळजीने पाहिला जातो, तितक्याच काळजीने हा नंबर कोणाच्या नावावर आहे हे पाहावे. आपल्या नावावर कोणते नंबर आहेत हे केंद्र शासनाच्या संचार साथी संकेतस्थळावर पाहता येते.

फेसबुक व इन्स्टाग्रामवर पत्ता किंवा पासवर्ड बदलला गेल्यास जुन्या ईमेलवर सूचना येते, व त्यातून तो बदल रद्द करता येतो. हे पान बहुधा पुतण्याने वा गावातील एखाद्या तरुणाने आपल्या ईमेलवर उघडून दिलेले असते. तो नोकरीस गेला की पानही त्याच्याबरोबर जाते. यास्तव पानाचा पूर्ण अधिकार घरातील दोन व्यक्तींकडे असावा. इन्स्टाग्राम ओळख पटविण्यासाठी चेहऱ्याचे चलच्चित्र मागते व ते खात्यातील छायाचित्रांशी ताडून पाहते. केवळ तांदळाच्या पिशव्यांची चित्रे लावणाऱ्यास हा मार्ग खुला राहात नाही.

गिऱ्हाइकाने चोरास पैसे दिले असतील तर, ज्याच्या बँक खात्यातून रक्कम गेली त्याने तत्काळ १९३० या क्रमांकावर कळवावे. जितका विलंब कमी, तितकी रक्कम अडविली जाण्याची शक्यता अधिक. शेतकऱ्याने स्वतःची तक्रार राष्ट्रीय सायबर गुन्हे संकेतस्थळावर अथवा जवळच्या पोलीस ठाण्यात नोंदवावी. दुसऱ्याची ओळख चोरणे हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६क अन्वये गुन्हा असून, त्यास ३ वर्षांपर्यंत कैद व १ लाख रुपयांपर्यंत दंड आहे. कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याच्या उत्तराने समाधान न झाल्यास ३० दिवसांच्या आत केंद्र शासनाच्या तक्रार अपील समितीकडे विनामूल्य दाद मागता येते. पैसे घेऊन खाते मिळवून देतो म्हणणाऱ्यांच्या मात्र वाऱ्यासही उभे राहू नये. व्हॉट्सअ‍ॅप अशा कामासाठी कोणताही मध्यस्थ नेमत नाही.

भातकऱ्यास आणखी एक धोका आहे, आणि त्यात चोर कोणीच नसतो. तांदळाची विक्री दिवाळीपासून उन्हाळ्यापर्यंत चालते. पुढे लावणीच्या धांदलीत विक्रीचे दुसरे सिम रिचार्जविना पडून राहते. ९० दिवस अजिबात वापर न झाल्यास कंपनी नंबर बंद करू शकते, व काही काळाने तो दुसऱ्या ग्राहकास मिळतो. व्हॉट्सअ‍ॅपही १२० दिवस न वापरलेले खाते साधारणतः काढून टाकते. तेव्हा आषाढ-श्रावणात विक्री नसली तरी ते सिम चालू ठेवावे व महिन्यातून एकदा खाते उघडून पाहावे.