मेसमधला न दिसणारा गहू

चि. मुक्तास,


सीलिअ‍ॅक असलेल्या मुलांना निवासी शाळेच्या मेसमध्ये चपाती टाळणे अवघड नसते. ती डोळ्यांना दिसते. घात होतो तो न दिसणाऱ्या गव्हाने. गहू, जव आणि राय यांतल्या ग्लूटेन या प्रथिनामुळे अशा व्यक्तीची रोगप्रतिकारशक्ती स्वतःच्याच लहान आतड्यावर उलटते आणि अन्नरस शोषणारे अंकुर झिजतात. एका चपातीत साधारण दोन ग्रॅमांहून अधिक ग्लूटेन असते. रोज 50 मिलिग्रॅम पोटात गेले तरी काही महिन्यांत आतड्याला इजा होऊ शकते. पोट दुखले नाही म्हणजे इजा झाली नाही, असे मुळीच नव्हे.

नाश्त्याला पोहे, साबुदाण्याची खिचडी, तांदूळ-उडदाची इडली चालते. उपमा, शिरा, शेवया, रवा डोसा चालत नाही, कारण रवा गव्हाचाच. थालीपिठाच्या भाजणीत बहुधा गहू असतो, कुरडई तर गव्हाच्या चिकाचीच. वरण-भात निर्धोक वाटतो, पण बाजारच्या बांधणीच्या हिंगात पुष्कळदा मैदा किंवा कणीक मिसळलेली असते. डबीवरचे घटक वाचल्याशिवाय फोडणीचा भरवसा धरू नये. दाट रस्सा मैद्याने दाट केला आहे का, हेही विचारावे.

पदार्थ योग्य असूनही हात चुकतो. वाढणारा चपात्या मोजून देतो आणि त्याच हाताने पापड उचलतो. पुऱ्या तळलेल्या तेलात बटाटेवडा पडतो. ज्वारीची भाकरी कणकेच्या परातीत थापली जाते, आणि तिचे पीठ गिरणीत गव्हाच्या दळणामागून आलेले असते. भाकरीवर म्हणूनच, दळण वेगळे आहे याची खात्री होईपर्यंत, विसंबू नये.

स्वयंपाकघरात ‘ग्लूटेन’ हा शब्द फारसा उपयोगी पडत नाही. तिथल्या मावशींना उपासाचे वेगळे भांडे, वेगळा डाव, वेगळे तेल हे सगळे पक्के ठाऊक असते. ‘उपासाला पाळता तसे गव्हाचे पाळा, पण रोज’ एवढे सांगितले की काम निम्मे होते. हे मागताना संकोच करू नये. हे लाड नव्हेत, औषधच आहे. एकादशीला वरी, राजगिरा, शेंगदाण्याची आमटी असे जेवण बहुधा सुरक्षित असते. राजगिऱ्याच्या पुऱ्यांचे तेल मात्र विचारावे. एरवी रांगेत सर्वांत आधी उभे राहावे, डाव एकमेकांत फिरण्यापूर्वी. डॉक्टरांची चिठ्ठी वॉर्डन आणि मेसचालक दोघांकडे असावी.

पाकिटबंद खाऊवर ‘ग्लूटेनमुक्त’ लिहिण्यासाठी भारतात किलोमागे 20 मिलिग्रॅमची मर्यादा आहे. असा खाऊ आणि भाजलेले शेंगदाणे खोलीत ठेवावेत, म्हणजे मेसमध्ये शंका आली की उपाशी राहावे लागत नाही. टीटीजीची, म्हणजे सीलिअ‍ॅकमध्ये वाढणाऱ्या प्रतिपिंडांची, रक्ततपासणी डॉक्टर सांगतील तेव्हा करावी. पथ्य पाळूनही महिनोन्‌महिने तो आकडा उतरला नाही, तर हिंगाच्या डबीपासून पुन्हा शोध घ्यावा.

तुझी,
आत्या