नवा कंपायलर आणि जुना प्रोग्राम

दुकानात नवा तराजू आला आणि कालपर्यंत किलोभर भरणारी पुडी आज थोडी कमी भरली, तर दोष कोणाचा मानावा? गिऱ्हाईक तराजूला बोल लावील; शहाणा दुकानदार आधी जुनी वजने तपासून पाहील.

आमच्या सायंकाळच्या वर्गातील यंत्रावर नवा कंपायलर घातला, तेव्हा हाच प्रश्न उभा राहिला. शिष्यवृत्तीची यादी छापण्यासाठी मुलांनी सी भाषेत लिहिलेला प्रोग्राम दुसऱ्या दिवशी तयारच होईना. पडदाभर तक्रारी उमटल्या. एक विद्यार्थी म्हणाला, "सर, जुनाच कंपायलर परत घालू या." आम्ही त्यास थांबविले. का, ते येथे सांगावयाचे आहे.

सी भाषा डेनिस रिची यांनी 1972 च्या सुमारास अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत घडविली. तीत लिहिलेला मजकूर यंत्राच्या आज्ञांत उतरवितो, तो कंपायलर. जीसीसी हा त्यांपैकी एक सुप्रसिद्ध कंपायलर होय. आरंभी भाषेचे नियम सैल होते. एखादे फंक्शन आधी जाहीर न करता वापरले, तर ते पूर्णांक परत देते असे धरले जाई. 1999 च्या प्रमाण नियमांनी ही सवलत काढून टाकली. तरी जीसीसी नुसता इशारा देऊन पुढे जात असे. 2024 मध्ये निघालेल्या 14 व्या आवृत्तीपासून मात्र तो तेथेच काम थांबवितो.

आमची चूक हीच होती. आमचे एक फंक्शन विद्यार्थ्याच्या नावाचा स्मृतीतील पत्ता परत देई. आमच्या यंत्रावर पत्ता 64 बिटांचा, पूर्णांक 32 बिटांचा. फंक्शन जाहीर केलेले नसल्यामुळे अर्धा पत्ता गळून पडे. पत्ता लहान असला तर नाव बरोबर छापले जाई. मोठा असला तर प्रोग्राम मध्येच कोसळे. त्यास आम्ही यंत्राची लहर समजत होतो! पण यादीतून एक नाव गळणे म्हणजे एका घरची फी गळणे होय.

असा प्रसंग आल्यास पुढील क्रमाने जावे.

पहिले, जुन्या व नव्या आवृत्तीचा क्रमांक लिहून ठेवावा आणि आधी तयार झालेल्या ऑब्जेक्ट फाइली पुसून सर्व काही नव्याने तयार करावे.

दुसरे, सर्वांत वरची तक्रार आधी वाचावी. एका खऱ्या चुकीपोटी खालच्या दहा तक्रारी जन्मतात.

तिसरे, तक्रारीची जात ओळखावी. फंक्शन जाहीर नसल्यास योग्य हेडर फाइल जोडावी. एकच चल अनेक ठिकाणी निर्माण झाल्याची तक्रार 2020 च्या 10 व्या आवृत्तीपासून येऊ लागली. तेथे हेडरमध्ये 'एक्स्टर्न' लिहून चलाची व्याख्या एकाच फाइलीत ठेवावी. 2025 च्या 15 व्या आवृत्तीपासून सी 23 चे नियम आपोआप लागू होतात. त्यांत 'बूल', 'ट्रू', 'फॉल्स' हे राखीव शब्द असून रिकाम्या कंसाचा अर्थ 'काहीही घेत नाही' असा ठरला आहे.

चौथे, प्रोग्राम तयार झाला पण उत्तर बदलले, तर आरंभीचे मूल्य न दिलेले चल आणि मर्यादेबाहेर वाचलेली ॲरे यांचा शोध घ्यावा. सर्व इशारे चालू करावेत व 'सॅनिटायझर' ही तपासणी लावून प्रोग्राम चालवून पाहावा.

निकड असेल तर 'जीएनयू 17' हे जुने नियम मागून घेता येतात, किंवा 14 व्या आवृत्तीच्या चुका पुन्हा इशाऱ्यांत बदलता येतात. परंतु ही कुबडी समजावी, पाय नव्हे. आमच्या यादीच्या बाबतीत ती घेतली असती तर प्रोग्राम तयार झाला असता आणि पत्ते पूर्ववत् गळत राहिले असते.

मुलांनी हेडरमध्ये घोषणेची एक ओळ लिहिली. प्रोग्राम तयार झाला आणि यादी शेवटच्या नावापर्यंत छापली गेली. ज्याने जुना कंपायलर मागितला होता, त्यानेच ती नावे मूळ अर्जांशी एकेक करून ताडून पाहिली. आपल्या घरांतील मुलांनी हा क्रम वहीत उतरवून घ्यावा, एवढीच आमची विनंती आहे.