बाष्पाने रंग बदलणारे स्फटिक

रत्नागिरीसारख्या समुद्रकाठच्या गावी मृग लागला, की मिठाला पाणी सुटते, पापड सादळतात आणि शाळेच्या प्रयोगशाळेत ठेवलेली निळी सिलिका जेल गुलाबी होते. पहिल्या दोन गोष्टी घरोघरी परिचित आहेत. तिसरीचे कारण विद्यार्थ्यांना क्वचितच सांगितले जाते.

सिलिका जेलला स्वतःचा रंग नसतो. तिच्यात मिसळलेले कोबाल्ट क्लोराइड कोरडे असताना निळे दिसते. हवेतील बाष्प शोषले, की पाण्याचे रेणू कोबाल्टला वेढतात आणि तोच पदार्थ गुलाबी होतो. तापविल्यास पाणी निघून जाते व निळाई परतते.

याच जातीचे, पण प्रकाशही देणारे स्फटिक प्लॅटिनमच्या संयुगांत आढळतात. ८ नोव्हेंबर १८९५ रोजी राँटजेन यांना क्ष-किरणांचा शोध लागला, तो बेरियम प्लॅटिनोसायनाइडचा लेप दिलेला पडदा उजळल्यामुळे. अशा स्फटिकांत प्लॅटिनमचे चपटे घटक नाण्यांच्या चळतीप्रमाणे एकावर एक रचलेले असतात. दोन नाण्यांमधील अंतर किंचित बदलले, तरी रंग व दीप्ती बदलते. स्फटिकातील पोकळ्यांत बाष्प शिरले, की नेमके हेच घडते. अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात केंट मॅन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० नंतरच्या दशकात अशा प्लॅटिनम-क्षारांचा अभ्यास केला. अल्कोहोल, क्लोरोफॉर्म यांसारख्या द्रवांच्या बाष्पाची वर्दी देणारे संवेदक त्यांतून घडविता येतील, ही त्यामागील अपेक्षा.

कोकणाच्या दृष्टीने खरी मेख येथेच आहे. जो स्फटिक अल्कोहोलच्या बाष्पाला उत्तर देतो, तो पाण्याच्या बाष्पालाही देत असेल, तर पावसाळ्यात त्याची साक्ष ग्राह्य कशी धरावी? पुण्यामुंबईच्या वातानुकूलित प्रयोगशाळेत अचूक ठरलेले साधन येथील दमट हवेत पारखून घेतल्याखेरीज गोदामात वा कारखान्यात बसविणे धोक्याचे ठरेल. शिवाय प्लॅटिनम महाग. ते शाळेच्या आवाक्यातले नव्हे.

शाळेला कोबाल्टचा प्रयोग पुरेसा आहे, मात्र तो जपून करावा. कोबाल्ट क्लोराइडची धूळ श्वासावाटे शरीरात गेल्यास कर्करोगाचा संभव असतो, म्हणून युरोपात त्याची गणना घातक द्रव्यांत केली जाते. जेलचे खडे बंद परीक्षानळीत दाखवावेत, मुलांच्या हाती सुटे देऊ नयेत. बियाण्यांच्या वा धान्याच्या डब्यात ठेवण्यासाठी तर कोबाल्टविरहित नारिंगी जेलच घ्यावी. ओलावा शोषल्यावर तिचाही रंग पालटतो.