दहावीचा हिशोब दिवाळीआधी



लूककृत शुभवर्तमानाच्या 14 व्या अध्यायात बुरूज बांधणाऱ्या माणसाचा दाखला आहे. आधी बसून खर्चाचा हिशोब केला नाही, तर पाया घालून काम तिथेच अडते आणि बघणारे हसतात. प्रभूने हा दाखला शिष्यत्वाविषयी दिला. पण आधी बसून हिशोब करावा ही शिकवण संसारालाही लागू पडते. या अंकात आपण दहावीचा हिशोब करू.

आपल्या नंदुरबार जिल्ह्यात, धडगाव-अक्कलकुव्याच्या डोंगरपाड्यांपासून खाली नवापूरपर्यंत, दिवाळी झाली की कितीतरी घरांना कुलूप लागते. माणसे गुजरातमध्ये ऊसतोडीला जातात आणि होळीला परत येतात. दहावीची परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये असते. पण मूल तिला नीट बसणार की नाही, हे बहुतेक वेळा मुकादमाकडून उचल घेतानाच ठरून जाते. म्हणून हा धडा दिवाळीआधी वाचावा आणि पाड्यावर वाचून दाखवावा.

1. दिवाळी ते होळी

दहावीचा विषय 100 गुणांचा असतो. साधारणपणे त्यातले 80 गुण लेखी परीक्षेचे आणि 20 गुण तोंडी, प्रात्यक्षिक किंवा अंतर्गत मूल्यमापनाचे असतात. पास होण्यासाठी 35 गुण लागतात. हे 20 गुण शाळेतच मिळतात. वह्या, प्रयोग आणि तोंडी परीक्षा वेळेवर केल्या, तर कच्च्या मुलालाही मोठा आधार होतो. शिवाय बोर्डाची 75 टक्के हजेरीची अट आहे. दिवाळीनंतर उसाच्या फडात गेलेले मूल हजेरीही गमावते आणि हे गुणही.

धडगावकडच्या एका बापाने मला विचारले, "ताई, पोराला घरी ठेवला तर त्याच्या वाटचं काम कोण करणार? उचल तर फेडायचीच आहे." प्रश्न खरा आहे, आणि त्याला रागावून उत्तर देण्यात अर्थ नाही. पण कोयता धरला जातो तो जोडीचा. उचल ठरवतानाच मुकादमाला सांगा की दहावीचे मूल येणार नाही, आणि झेपेल तेवढीच उचल घ्या. मुलाला आजी-आजोबांकडे ठेवणार असाल, तर चार महिन्यांचे धान्य, मीठ-मिरची काढून ठेवा. घरी कोणीच राहणार नसेल, तर मुख्याध्यापकांना भेटून निवासाची सोय विचारा. आश्रमशाळेत निवास असतोच. इतर शाळांतल्या मुलांसाठी आदिवासी विकास विभागाची वसतिगृहे आहेत. निघण्यापूर्वी वर्गशिक्षकांना भेटा आणि फडावर लागेल असा एक फोन नंबर त्यांच्याकडे देऊन ठेवा.

मुलांनो, तुमच्यासाठीही एक गोष्ट. भोंगऱ्या बाजार होळीच्या आधी भरतो, म्हणजे बहुधा ऐन परीक्षेत. ढोल ऐकू येणारच. वेळापत्रक हातात आले की पेपरांचे दिवस घरात सगळ्यांना सांगून ठेवा. बाजार पुढच्या वर्षीही भरेल.

2. कागदावरची नोंद

शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये जे लिहिले आहे, तेच शाळा सोडल्याच्या दाखल्यावर उतरते. मूल शाळेत असेपर्यंत पुरावा जोडून मुख्याध्यापकांमार्फत चूक दुरुस्त करता येते. शाळा सुटल्यावर तेच काम फार अवघड होते. म्हणून आताच शाळेत जा आणि नोंद वाचून दाखवायला सांगा. चार गोष्टी तपासा: मुलाचे पूर्ण नाव, आईचे नाव, जन्मतारीख आणि जमात.

आपल्याकडे कितीतरी जणांचा जन्म शाळेच्या नोंदीत 1 जूनला झालेला असतो आणि आधारकार्डावर 1 जानेवारीला. एका कागदावर 'जेसिंग' आणि दुसऱ्यावर 'जयसिंग' असते. शिष्यवृत्तीचा अर्ज भरताना अशा फरकांवरच गाडी अडते. दोन्हीकडे एकच नाव आणि एकच तारीख हवी.

जमातीच्या रकान्यात कधी आडनाव लिहिलेले असते, कधी बापाच्या दाखल्यावर एक आणि मुलाच्या दाखल्यावर दुसरेच. जातीचा दाखला उपविभागीय अधिकारी देतात आणि त्यासाठी 6 सप्टेंबर 1950 पूर्वीचा पुरावा मागितला जातो. आजोबा-पणजोबांची शाळेतली नोंद, तहसीलमधील जुने जन्म-मृत्यूचे रजिस्टर, जमिनीचे जुने उतारे यांतून तो मिळतो. ख्रिस्ती कुटुंबांनी ध्यानात ठेवावे की अनुसूचित जमातींच्या 1950 च्या आदेशात धर्माची अट नाही. धर्माच्या रकान्यात खरे तेच लिहावे.

जातवैधता प्रमाणपत्र हा आणखी वेगळा कागद. तो तपासणी समिती देते आणि इंजिनिअरिंग, वैद्यकीय अशा प्रवेशांना तो लागतो. अकरावी-बारावीत कॉलेजमार्फत त्याचा अर्ज करायचा असतो. वडील, काका, आत्या अशा रक्ताच्या नात्यात कोणाकडे वैधता असेल, तर तिची प्रत मागून ठेवा. वडीलधारी माणसे दिवाळीपर्यंत गावात असतात. विचारायची वेळ तीच.

3. निकाल लागल्यावर

पास झालेल्यांना वाटा बऱ्याच आहेत. अकरावीचे प्रवेश 2025-26 पासून राज्यभर ऑनलाइन झाले आहेत. पसंतीक्रम भरताना रोज जाता येईल किंवा जवळ वसतिगृह असेल असेच कॉलेज आधी लिहा. आय.टी.आय.मध्ये इलेक्ट्रिशियन आणि फिटर हे दोन वर्षांचे, तर वेल्डर हा एक वर्षाचा ट्रेड आहे. दहावीनंतर पॉलिटेक्निकचा तीन वर्षांचा डिप्लोमा आणि कृषी पदविकाही करता येते. अनुसूचित जमातीसाठी राज्यात 7 टक्के आरक्षण आहे.

एक-दोन विषय राहिले तर शिक्षण संपले असे समजू नका. ए.टी.के.टी.वर अकरावीत तात्पुरता प्रवेश मिळतो आणि राहिलेले विषय पुढे सोडवायचे असतात. जून-जुलैत पुरवणी परीक्षाही होते. तिचा फॉर्म शाळेतूनच भरतात आणि मुदत थोडी असते. त्यामुळे निकालानंतर पहिल्या आठवड्यातच शाळा गाठा. गुणांविषयी शंका असेल, तर गुणपडताळणी करता येते. पुनर्मूल्यांकन हवे असेल, तर आधी उत्तरपत्रिकेची छायाप्रत घ्यावी लागते.

गणितात राहिलेल्या मुलीचे त्याच उन्हाळ्यात लग्न ठरते, असे मी अनेकदा पाहिले आहे. एका विषयात कमी पडलेले चार-पाच गुण तिच्या आयुष्याचा निर्णय करून टाकतात. पालकहो, 18 वर्षांआधी मुलीचे लग्न हा गुन्हा आहे, हे तुम्ही जाणता. पण त्याहून जवळची गोष्ट ही, की पुरवणी परीक्षा अवघ्या काही आठवड्यांवर असते. तिला तेवढे आठवडे द्या.

आठवी-नववीतून शाळा सुटलेली मुलेही 17 नंबरचा फॉर्म भरून दहावीला बसू शकतात. वय 14 पूर्ण आणि किमान पाचवी पास असावे लागते. या फॉर्मची मुदत परीक्षेच्या कितीतरी महिने आधीच संपते, म्हणून शाळेत आजच विचारा.

4. पुढचा खर्च

अकरावीपासून भारत सरकारच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटीवर करता येतो. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत हवे आणि तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला लागतो. पैसे आधारशी जोडलेल्या बँक खात्यात येतात. मुलाच्या नावाचे खाते आताच उघडून आधार जोडून घ्या. प्रवेशाच्या वेळी कॉलेज मूळ दाखला ठेवून घेते, म्हणून त्याच्या चार झेरॉक्स आधी काढाव्यात. सगळे कागद एका प्लॅस्टिकच्या पिशवीत, पावसाचे पाणी आणि उंदीर पोहोचणार नाहीत अशा जागी ठेवावेत.

पाड्यावरील बैठकीत चर्चेसाठी प्रश्न

1. आपल्या पाड्यावर यंदा दहावीला किती मुले-मुली आहेत? दिवाळीनंतर त्यांतले कोण कुठे राहणार?
2. ज्यांचे आईबाप फडावर जातील, त्यांच्या जेवणाची आणि अभ्यासाच्या दिव्याची जबाबदारी कोण घेईल?
3. शाळेत जाऊन जनरल रजिस्टरमधील नोंद कोणी पाहिली आहे? राहिलेले पालक कोणत्या दिवशी एकत्र जातील?
4. मागच्या वर्षी विषय राहिलेली किंवा शाळा सुटलेली मुले कोणती? त्यांच्याशी कोण बोलेल?

उत्तरे नावानिशी एका वहीत लिहा. होळीला सगळे परत आले की ती वही पुन्हा उघडून वाचा.