शहरावरील आकाशमार्ग

मोठ्या शहरातील रस्ता म्हणजे माणसांचा व वाहनांचा अखंड प्रवाहच होय. तो तुंबला, की घाईत असलेल्या मनुष्याची दृष्टी साहजिकच वर जाते. आकाश तर मोकळे आहे. मग बोलाविताच येणारे आणि छपरावरून उचलून नेणारे वाहन का असू नये?

न्यूयॉर्क शहरात यासारखा एक प्रयोग पूर्वीच झाला आहे. तेथे १९५३ साली हेलिकॉप्टरने उतारू नेण्यास प्रारंभ झाला. पुढे १९६५ च्या डिसेंबरात पॅन ॲम या ५९ मजली इमारतीच्या गच्चीवरून हेलिकॉप्टरे विमानतळाकडे जाऊ लागली. रस्त्याने फार वेळ खाणारे अंतर काही मिनिटांतच तुटू लागले. परंतु खर्च मोठा व आवाज कर्कश, यांमुळे सेवेची वाट सोपी नव्हती. १९६८ साली गच्चीवरील उड्डाणे थांबली व १९७७ च्या फेब्रुवारीत पुन्हा सुरू झाली.

त्याच वर्षी १६ मे रोजी उतारू चढत असता उभ्या हेलिकॉप्टरच्या चाकाचा आधार मोडला व ते कलंडले. वारंवार ताण बसून तेथील धातू कमकुवत झाला होता. फिरत्या पात्यांनी गच्चीवर चौघांचा बळी घेतला. पात्याचा तुकडा खाली पडून रस्त्याने जाणारी एक स्त्रीही मरण पावली. तिने तर तिकीटही काढले नव्हते! ती गच्ची हेलिकॉप्टरांना कायमची बंद झाली.

आता विजेवर चालणारी, अनेक पंख्यांची वाहने तयार होत आहेत. एक पंखा बंद पडला तरी उरलेले भार सावरतात. आवाजही कमी होतो. २०१९ साली सिंगापूर येथे असे एक वाहन उडवून दाखविण्यात आले. तथापि अडचणी संपलेल्या नाहीत. इंधन जळते तसे विमान हलके होते. विजेची बॅटरी मात्र रिकामी झाली तरी तितकीच जड राहते. म्हणून पल्ला तोकडा पडतो. शिवाय उतरण्यास जागा हवी, उंच इमारतींभोवतालचा वारा ओळखावयास हवा, आणि वाटेल तेव्हा निघालेल्या अनेक वाहनांची टक्कर टाळावयास हवी.

आकाशमार्ग मोकळा दिसतो. पण त्याच्या खाली शहर वसलेले असते. वरून जाणाऱ्याइतकाच खालून चालणाराही सुरक्षित राहील, तेव्हाच तो मार्ग खरा खुला झाला असे म्हणता येईल.

स्वाध्याय
१. पॅन ॲम इमारतीची गच्ची कायमची का बंद झाली?
२. बॅटरीमुळे वाहनाचा पल्ला तोकडा का पडतो?
३. ‘तिने तर तिकीटही काढले नव्हते!’ या वाक्यातून लेखकास काय सुचवावयाचे आहे?