तिजोरी आधी भिंतीला ठोका

चिपळूण,
सोमवार दुपार

चि. मनू,



तू पाठवलेले नव्या घराचे फोटो नीट मोठे करून बघितले. पडदे छान आहेत. पण माझं लक्ष गेलं ते कपाटातल्या तिजोरीकडे. मधल्या फळीवर, साड्यांच्या गठ्ठ्याशेजारी, मायक्रोवेव्ह ठेवावा तशी ठेवली आहेस. दार उघडं आहे आणि आत बोल्टची प्लॅस्टिकची पिशवी अजून चिकटपट्टीने लटकते आहे. हॉलच्या फोटोत दाराशेजारच्या खुंट्यांवर, स्कूटरच्या किल्लीला लागून, नळीसारख्या तोंडाची एक कोरी किल्ली दिसली. ती कशाची हे ओळखायला मला चष्मा लागला नाही. खाली तू लिहिलं आहेस, 'मावशी, आता लॉकरची कटकट संपली!'

फोनवर तू 'हो हो' म्हणून विषय बदलतेस, म्हणून पत्र लिहिते आहे. कागद निदान फ्रीजला लावून ठेवता येतो.

बँकेत माझी बरीच वर्षं लॉकरच्या किल्ल्यांच्या जुडग्याबरोबर गेली. बंद दारांवर माणसं किती भाबडा विश्वास टाकतात ते जवळून बघितलं आहे. तुझी ही तिजोरी म्हणजे आठ-दहा किलोचा पत्र्याचा डबा. दाराचा पत्रा जाडसर, बाकीच्या अंगाचा त्याहून बराच पातळ. हातात पहार आणि हवा तेवढा वेळ असेल तर ती फुटते. तिचं काम एकच, चोराचा वेळ खाणं. तुम्ही दोघं कामावर गेल्यावर घरात शिरणाऱ्याला शेजारचं दार उघडायच्या आत बाहेर पडायचं असतं. तो गाद्या उलटतो, तांदळाचा डबा उपडा करतो, देवघराचा खण ओढतो. आपल्या आज्यांच्या सगळ्या जागा त्याला पाठ असतात. अशा माणसासाठी तू सगळा ऐवज एका डब्यात भरून ठेवला आहेस. तो तिथे आकडे दाबत बसणार नाही. पिशवीत घालून घेऊन जाईल आणि सावकाश फोडेल. त्यापेक्षा तांदळाचा डबा बरा.

तेव्हा रविवारी सुताराला बोलाव. तिजोरीच्या पाठीला आणि तळाला छिद्रं असतात, त्यांतून बोल्ट घालायचे. पण बोल्ट कशात जातो आहे तिकडे तू स्वतः उभी राहून बघ. कपाटाची पाठ ही भिंत नव्हे, ते पातळ प्लाय आहे, आणि त्यात चार स्क्रू मारून 'झालं ताई, पक्कं बसलं' म्हणणारे कारागीर पुष्कळ. प्लायला भोक पाडून बोल्ट थेट मागच्या भिंतीत गेला पाहिजे. तुमची इमारत नवी, खोल्यांमधल्या भिंती बहुधा सिपोरेक्सच्या असतील. त्यात साधा फास्टनर आवळला की आतला ब्लॉक भुगा होतो आणि बोल्ट नुसता गोल फिरत राहतो. कपाटामागे काँक्रीटचा कॉलम आला असेल तर देव पावला. नसेल तर सिपोरेक्ससाठी वेगळे लांब फास्टनर मिळतात. हार्डवेअरच्या दुकानात भिंत कसली आहे ते सांगून माग. पलीकडे बाथरूम असेल तर पाण्याची लाइन कुठून गेली आहे ते कळल्याशिवाय ड्रिल लावू देऊ नकोस, नाहीतर दागिन्यांआधी फरशी पुसत बसशील.

ठोकण्यामागे आणखी एक कारण आहे. या तिजोरीच्या आत एक छोटं विजेचं वेटोळं असतं. बरोबर आकडे दाबले की ते एक खिटी काही सेकंद मागे ओढतं, तेवढ्यात दांडा फिरवायचा. स्वस्त तिजोऱ्यांत ती खिटी नाजूक स्प्रिंगवर असते, त्यामुळे डबा जोरात आपटला तरी ती क्षणभर उसळते. भिंतीला घट्ट बांधलेला डबा आपटता येत नाही. पाठीची छिद्रंही रिकामी ठेवू नकोस. त्यांतून तार घालून आतल्या बटणापर्यंत कसं पोचायचं ते मी लिहीत नाही, पण पोचता येतं.

आता आकडे. नंबर बदलायचा तो दार उघडं ठेवून. बदलल्यावर दार उघडंच ठेवून आकडे दाब, दांडा फिरव, कांड्या आत-बाहेर होतात का बघ, मगच दार लाव. बऱ्याच तिजोऱ्यांना दोन नंबर असतात, एक रोजचा आणि एक मालकी नंबर, रोजचा विसरला तर वापरायचा. लोक पहिला बदलतात आणि दुसरा कारखान्यातून आला तसाच ठेवतात. तो माहितीपुस्तिकेत छापलेला असतो आणि त्या जातीच्या सगळ्या तिजोऱ्यांना बहुधा एकच असतो. दोन्ही बदल. लग्नाची तारीख, गाडीचा नंबर, जन्मसाल नको. तुमच्या लग्नाची तारीख तर पत्रिकेवर सोनेरी अक्षरांत छापून आपणच गावभर वाटली आहे. आणि पॅड अधूनमधून पुसत जा. कणीक-हळदीच्या बोटांनी रोज तेच आकडे दाबलेस तर कुठले दाबतेस ते बघणाऱ्याला विचारावं लागत नाही.

बोटाच्या ठशाची घेतली नाहीस ते चांगलं केलंस. मेंदी लावलेल्या किंवा भांडी घासून सुरकुतलेल्या बोटांना ती यंत्रं ओळख देत नाहीत, आणि सासूबाईंच्या वयाला तर ठसेच गुळगुळीत झालेले असतात.

आत चार पेन्सिल सेल असतात. ते अल्कलाइनच घे. स्वस्तातले सेल फुटून पांढरी पावडर सोडतात आणि जोडणीच खाऊन टाकतात. ते पूर्ण उतरायची वाट बघू नकोस. दर खंडेनवमीला हत्यारांची पूजा करतो, त्याच दिवशी तिजोरीचे सेल बदल, लक्षात राहील. तरी अवेळी उतरलेच तर उपाय म्हणजे खुंटीवर टांगलेली ती किल्ली. आमच्या शेजारच्या सोसायटीतल्या एका गृहस्थांनी दोन्ही किल्ल्या 'सुरक्षित' राहाव्यात म्हणून तिजोरीतच ठेवल्या होत्या. नातवाच्या मुंजीच्या आदल्या दिवशी सेल गेले आणि भिकबाळी आत अडकली. चावीवाला ड्रिल घेऊन आला, तिजोरी गेली भंगारात. तू दुसरं टोक गाठलं आहेस, दाराशेजारीच टांगली आहेस. ती किल्ली हातात पडली की तुझे सहा आकडे कितीही अवघड असोत, काही उपयोग नाही. एक किल्ली डोंबिवलीला तुझ्या आईकडे दे, दुसरी बँकेच्या लॉकरमध्ये.

हो, लॉकर. तो सोडायचा नाही.

लॉकर म्हणजे बँकेने सगळी हमी घेतली असं मात्र समजू नकोस. रिझर्व्ह बँकेचे नवे नियम १ जानेवारी २०२२ पासून लागू झाले. आग, चोरी, दरोडा, इमारत कोसळणं किंवा कर्मचाऱ्याची लबाडी यांमुळे ऐवज गेला तर बँकेची जबाबदारी वार्षिक भाड्याच्या शंभर पटींपर्यंत. भाडं तीन हजार असेल तर तीन लाख. आज सोन्याचा भाव बघता आजीच्या पाटल्याच त्याच्या पुढे जातील. पूर, भूकंप, वीज असं काही झालं आणि त्यात बँकेचा निष्काळजीपणा नसला तर तेवढंही नाही. तरी तिथे जाड भिंत आहे, पहारा आहे, ग्राहकाची आणि बँकेची अशा दोन किल्ल्या लागल्याशिवाय दार उघडत नाही, आणि लॉकर उघडला की मोबाइलवर संदेश येतो. तुझ्या आठ-दहा किलोच्या डब्याकडे यातलं काय आहे?

म्हणून वाटणी अशी कर. ठुशी, तोडे, पाटल्या, वर्षातून एखाददुसऱ्यांदा अंगावर चढणारं सगळं लॉकरमध्ये. तिजोरीत रोजचं मंगळसूत्र काढून ठेवलंस तर ते, कानातली, थोडी रोकड, पासपोर्ट. खरी गरज लागते ती लग्नकार्याला. शुक्रवारी लॉकरमधून दागिने काढायचे, शनिवार-रविवार लग्न, सोमवारी रजा नाही, परत ठेवायला पुढचा आठवडा उजाडतो. एरवी ते दिवस दागिने उशीखाली, पर्समध्ये, गव्हाच्या पिठात असे हिंडत असतात. लॉकर आणि गळा यांच्या मधल्या मुक्कामासाठी ही तिजोरी उत्तम आहे. तेवढ्यासाठी घेतली असलीस तर मी तुझ्या बाजूने आहे.

कागदपत्रांचं वेगळं. तिजोरीत ठेवलं म्हणजे आगीतून वाचलं, ही समजूत आपल्याकडे गोदरेजच्या जुन्या तिजोऱ्यांनी रुजवली. १४ एप्रिल १९४४ ला मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत फोर्ट स्टिकिन जहाजाचा स्फोट झाला, तेव्हाच्या आगीतही आपल्या तिजोऱ्यांतला ऐवज शाबूत राहिला असं कंपनी अभिमानाने सांगत आली आहे. पण त्या तिजोऱ्या हलवायला हमाल लागत. आग सोसणाऱ्या तिजोरीच्या दोन पत्र्यांमध्ये उष्णता अडवणारा जाड थर भरलेला असतो, तुझ्या डब्यात नुसता पत्रा आहे. आगीत तो तव्यासारखा तापेल. सोनं हजार अंशांच्या पुढे वितळतं, ते कदाचित निभावेल. खरेदीखताचा मात्र कोळसा होईल. आणि पाणी काय करतं ते मला कोणी सांगायला नको. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी आमच्या बाजारपेठेत शिरलं, त्यानंतर कितीतरी दिवस लोक गच्च्यांवर दस्तऐवज वाळत घालत होते. तू पाचव्या मजल्यावर आहेस, पण वरच्यांचं बाथरूम गळायला पूर लागत नाही. खरेदीखत, इंडेक्स टू, सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट यांची मूळ प्रत झिपच्या प्लॅस्टिक पाकिटात घालून लॉकरमध्ये ठेव, घरी झेरॉक्स. तिजोरीत सिलिका जेलची पुडी टाक, पावसाळ्यात हवीच. मात्र नथ तिच्याजवळ नको, फार कोरड्या हवेत मोती तडकतात. चांदीच्या वस्तूंना रबर बँडही लावू नकोस, काळा पट्टा पडतो.

दागिन्यांची यादी केली आहेस का? प्रत्येकाचा फोटो, वजन, पावती. नव्या हॉलमार्कच्या दागिन्यावर सहा अक्षर-आकड्यांचा एचयूआयडी कोरलेला असतो. भिंगाने वाचून तोही लिहून ठेव. उद्या पोलिसांत जायची वेळ आली तर 'सोन्याची माळ, मध्यम' एवढं सांगून काही सापडत नाही. विम्याची पॉलिसी असेल तर दागिने त्यात स्पष्ट नमूद आहेत का ते वाच, नुसतं 'घरातील सामान' म्हटलं म्हणजे सोनं आलं असं धरू नकोस. यादी तुझ्या अक्षरात हवी. माहेरचं कुठलं, सासरचं कुठलं तेही लिही. यात अविश्वास नाही गं. जावईबापूंच्या देखत लिही आणि त्यांना वाचायला दे.

नंबरही त्यांना माहीत हवा. यावर मी फार आग्रही आहे. नवरा गेल्यावर लॉकरचा नंबरसुद्धा माहीत नसलेल्या बायका माझ्या टेबलासमोर बसून रडल्या आहेत, आणि बायको गेल्यावर किल्ली कुठल्या डब्यात असायची ते न सांगता येणारे पुरुषही. बँकेत निदान नॉमिनेशन असतं. घरच्या तिजोरीला कसलं नॉमिनेशन? तेव्हा तुम्हा दोघांखेरीज तिसऱ्या एका माणसाकडे, तुझ्या आईकडेच, बंद लिफाफ्यात नंबर असू दे. तिची किल्ली आणि तो लिफाफा मात्र एकाच पाकिटात नको, तिला तशी सवय आहे.

तुझ्याकडे मंदाताई कामाला येतात, त्यांच्या बाबतीत एक सांगते. तिजोरीचा सगळ्यात मोठा फायदा चोरापेक्षा इथे होतो असं मला वाटतं. आपल्या घरांत अंगठी बेसिनवर राहते, पैसे साडीच्या घडीत जातात, आणि दोन दिवसांनी आठवलं नाही की पहिला संशय कामवालीवर. त्या बाईची चार घरं एका वाक्यात सुटतात. अंगठी पुढच्या दिवाळीला सोफ्याच्या फटीत सापडते, तेव्हा तिला बोलवायला कोणी जात नाही. घरी आलीस की अंगठी काढून आत टाकायची सवय लाव, म्हणजे कोणावर बोट दाखवायची वेळ येणार नाही. मंदाताईंपासून तिजोरी लपवायच्या फंदातही पडू नकोस. कपाट त्याच पुसतात, त्यांनी ती केव्हाच बघितली असेल. लपवायचा तो खोका. तिजोरीचं चित्र छापलेला पुठ्ठ्याचा खोका जिन्यात ठेवला असशील तर आत्ता उठून तो फाड.

आणि कधी कोणी चाकू दाखवून नंबर विचारलाच, तर सांगून टाक. तिथे शौर्य नको.

आजीच्या पाटल्या माझ्या लॉकरमध्ये आहेत. तुझा लॉकर तिकडच्या शाखेत मिळाला की कळव, गणपतीला आलीस की घेऊन जा. परत जाताना त्या हातात घालून ट्रेनमध्ये बसायचं नाही, आणि तिजोरी तोवर भिंतीला ठोकलेली असेल तरच देईन. ठोकल्याचा फोटो पाठव. बोल्ट दिसले पाहिजेत.

सासूबाईंना नमस्कार, जावईबापूंना आशीर्वाद.

तुझी,
मावशी